पावट्याच्या मांडवातले घरटे

पूर्वी कुसुमावती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका साध्या गृहस्थाच्या कुळात जन्मला होता. त्याच्या परसात वाटाण्याचा वाफा होता आणि विहिरीपाशी पावट्याचा मांडव. त्या पावट्याची ख्याती नगरभर होती, आणि ती पसरवण्याचे काम त्याची बायको उत्पला मनापासून करीत असे.

त्यांची लेक कर्णिका लग्नाची झाली होती. चांगल्या घरातून विचारणा आली. मुलगा कर्णिकेच्या मनात भरला होता. पण त्याची आई भद्रवती खाण्यापिण्यात भारी चोखंदळ. तेव्हा उत्पलेने मोठ्या ऐटीत निरोप धाडला की जेवायलाच या, आमच्या कोवळ्या पावट्याची भाजी खाऊन बघा.

नेमके त्याच दिवसांत शिंपी पक्ष्याच्या जोडीने मांडवातली दोन पाने शिवून घरटे केले, आणि पिल्लेही निघाली. वेल एकमेकांत असे गुंतलेले की एका टोकाची शेंग ओढली तरी घरट्याला हिसका बसे. बोधिसत्त्वाने उत्पलेला पाने हळूच बाजूला करून पिल्ले दाखवली आणि ती उडेपर्यंत शेंगा तोडायच्या नाहीत, असे सांगितले.

उत्पलेने मनाशी दिवस मोजले. पिल्ले उडेपर्यंत शेंगा जून होणार, आणि पाहुणे यायचा दिवस तर जवळ आलेला. हे स्थळ गेले तर लेकीला तोंड कसे दाखवायचे, एवढेच तिला सुचत होते. तिने नवऱ्याला बरेच सुनावले. तो ते ऐकत वाटाण्याला पाणी घालत राहिला.

पाहुणे यायच्या दिवशी ती पदर खोचून, टोपली घेऊन स्वतःच मांडवात शिरली. पहिलीच शेंग ओढली तसे घरटे कलले आणि एक उघडेवाघडे पिल्लू काठावरून घसरले. उत्पलेने टोपली टाकून तळहात खाली धरला. पिल्लाला वाटले आई आली, आणि त्याने चोच उघडली.

पिल्लाला अलगद घरट्यात ठेवून ती रिकाम्या टोपलीनिशी घरात आली. "तुम्ही मला ती दाखवायलाच नको होती," एवढे नवऱ्याला म्हणाली आणि वाटाणे सोलायला बसली.

ताटे वाढली तेव्हा भद्रवतीने पावटा कुठे आहे, असे विचारले. बोधिसत्त्वाने घडले ते सांगितले. ती उठून परसात गेली आणि बराच वेळ मांडवाखाली वाकून पाहत राहिली. इकडे उत्पलेचा जीव टांगणीला लागला.

"भाजी काय, मला घरीही मिळते," परत आल्यावर भद्रवती म्हणाली. "पाखराच्या लेकरासाठी पाहुण्याचं ताट अडवणारं घर मात्र आज बघितलं. इथली मुलगी मला म्हातारपणी उपाशी ठेवायची नाही."

उत्पलेचा जीव भांड्यात पडला. भद्रवतीने वाटाण्याची उसळ पुन्हा मागून घेतली, आणि मीठ कमी आहे हेही सांगून टाकले.

यथावकाश पिल्ले उडाली. शेंगा वेलावरच वाळल्या, आणि ते बी लग्नात कर्णिकेच्या ओटीत पडले.

जमलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षापात्रात काय पडले ते आधी वाकून बघणारा हा भिक्षू सुदर्श म्हणजे तेव्हाची भद्रवती. पडता पडता सावरून काल संघात आलेला सोमक हे ते पिल्लू, दाराशी बसलेली उपासिका रोहिता ही उत्पला, आणि तो गृहस्थ मीच होतो. आपल्या लेकीचे सुख पणाला लागले असतानाही दुसऱ्याच्या लेकराला जपणे, यालाच मैत्री, म्हणजे सगळ्या जीवांविषयीची माया, म्हणतात."

दाराशी बसलेल्या रोहितेने आपला तळहात उघडून पाहिला.