तळण नसलेली घरं

एका गावात एक फराळवाला होता. त्याच्या चकलीला पंचक्रोशीत तोड नव्हती, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात चकलीचा काहीच दोष नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात गावात तापाची साथ आली. गल्लोगल्ली माणसं गेली. सुताराच्या घरचा तर कर्ता पुरुषच गेला. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. ज्या घरी माणूस गेलं, तिथे त्या दिवाळीत कढई चढत नाही. तळण नाही, विकतचंही आणत नाहीत. शेजारपाजारचे लोक ताट झाकून घेऊन जातात, तेवढाच त्या घरचा सण.

दसरा झाला आणि फराळवाला दिवाळीच्या आखणीला बसला. माणूस हुशार, त्यात वाद नाही. कोणत्या गल्लीत कधी दवंडी द्यायची, दुकानापुढे मांडव कुठे घालायचा, चकलीसोबत करंजी फुकट कोणाला द्यायची, सगळं त्यानं ठरवलं. बायको शेजारी भाजणी चाळत होती. ती म्हणाली, यंदा ताटं जास्त लागतील, तेवढं धरून चला. दरवर्षी दुःखाच्या घरी पहिलं ताट त्यांच्याकडूनच जायचं.

फराळवाला हसला. "अगं वेडे, ज्यांच्या घरी तळण नाही, तेच तर यंदाचं आपलं गिऱ्हाईक. ताट पाठवलं तर विकत कोण घेईल?"

"त्या घरी विकत आणत नाहीत हो," ती म्हणाली.

"आणतील. कोणीतरी आठवण करून द्यायला हवी."

ती गप्प बसली. अशा वेळी बायांनी गप्प बसू नये, पण बसतात.

दवंडीवाल्याला त्यानं बजावलं, की बाकीच्या घरांपुढून चालत जा, पण तळण नसलेल्या दारात थांबून वाजव. वसुबारसेच्या सकाळी दवंडीवाला सुताराच्या दारात उभा राहिला आणि ओरडला, "घरी तळण नाही? चिंता सोडा, ताजा फराळ घ्या!" सुताराची बायको बाहेर आली. तिनं दार लावून घेतलं. सगळी गल्ली बघत होती.

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. कोणी भांडायला आलं नाही, फक्त दुकानाकडे कोणी फिरकलंच नाही. भाऊबीज उलटली तरी डबे भरलेलेच. चकल्या खवट झाल्या आणि उकिरड्यावर टाकाव्या लागल्या. फराळवाल्याला वाटलं, दवंडी कमी पडली. पुढच्या वर्षी दोन दवंडीवाले लावायचे, असं त्यानं ठरवूनही टाकलं.

पुढच्या वर्षी भादव्यात त्याची बायको गेली.

त्या दिवाळीत त्याचीही कढई चढली नाही. तो ओट्यावर बसून राहायचा. समोरून झाकलेली ताटं या घरातून त्या घरात जायची. त्याच्या दारी एकही वळलं नाही. लोकांच्या मनात राग होता असंही नाही. फराळवाल्याला फराळाचं काय अप्रूप, आणि नेलं तर हा काय म्हणेल, असं प्रत्येकाला वाटलं. त्याला मात्र घर खायला उठलं.

पाडव्याला सुताराची बायको आली. तिचं वर्ष सरलं होतं. तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यातल्या चकल्या जरा मोडलेल्या होत्या. फराळवाल्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "किती झाले?"

ती म्हणाली, "मागच्या दिवाळीत तुमची दवंडी झाली, त्याच दिवशी तुमच्या बायकोनं पदराआड माझ्याकडे ताट आणलं होतं. तेच परत करतेय."

ती निघून गेली. फराळवाला चकली हातात धरून बसला. तू मला सांगितलं का नाहीस, असं तो रिकाम्या घराकडे बघून म्हणाला. आणि मग त्याला आठवलं, की तिनं सांगितलं होतं.

तात्पर्य: सणाची आखणी करताना कोणत्या घरात दुःख आहे ते आधी बघावं, आणि त्या दारी दवंडी नाही, ताट न्यावं.