काळ्या पिसाची परीक्षा

वाहनं बोलायची त्या काळची ही गोष्ट. एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. अलीकडच्या नाक्यावर बगळी आपलं पांढरं पीस प्रत्येक गाडीच्या धुरात धरायची. पीस काळवंडलं की त्या गाडीला बंदी. पलीकडच्या नाक्यावर हीच परीक्षा कावळा आपल्या पिसाने घ्यायचा, त्यामुळे तिथे एकही गाडी नापास होत नसे.

बगळीने हाकललेला एक म्हातारा ट्रक पलीकडे जाऊन मजेत धावू लागला. वाऱ्याबरोबर त्याचा धूर अलीकडे यायचा आणि बगळीची पिल्लं घरट्यात खोकत राहायची. आपण गाडी हाकलली, पण धूर कुठे हाकलला, या विचाराने तिला चैन पडेना. शेवटी ती नदी ओलांडून गेलीच.

"काकोबा, एकदा माझं पीस धरून बघा."

"वा गं बगळीबाई! तुमचं माप तुमच्या गावात. आमच्याकडे बापजाद्यांपासून काळंच पीस चालतं."

नाक्यावरच उभा असलेला तो म्हातारा ट्रक खदखदून हसला. "बाई, घरी जा. मी इथे पास आहे!"

बगळी जागची हलली नाही. "बरं, माझं पीस नको. तुमच्याच घरातलं काहीतरी धरा. वर घरट्यात निळसर अंडी आहेत ना? त्यातलं एक आणा."

कावळ्याने वर पाहिलं. तेवढ्यात ट्रकने धुराचा भपकारा सोडला आणि तो धूर थेट घरट्याच्या फांदीकडे निघाला. कावळा झेपावला, पंख पसरून अंड्यांवर बसला आणि ओरडला, "अरे, बंद कर ते इंजिन!"