अनसूयेला कुणी विचारलं?

वेळूच्या बेटाशेजारी बुरुडांची एक एवढीशी झोपडी होती. तिथली तानी दहा वर्षांची, आईचं उशिरा झालेलं शेंडेफळ. इवल्या बोटांनी सुपं तीच विणायची, पाणीही तीच भरायची. कारण आई, अनसूया, चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. पोर अगदी थकून गेली होती.

शेजारची गोदाकाकू तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या ओवाळून अनसूयेची दृष्ट काढायची आणि जाताना पुटपुटायची, "दृष्ट कसली, नुसता आळस!"

एकदा वेळूच्या हिरव्या सावलीत तानी रडत बसली. तेवढ्यात पानापानांवर सोनेरी ठिपके लुकलुकले आणि गुलाबी पंखांची चिमुकली परी उतरली. तीही दमलेलीच दिसत होती.

"एकच इच्छा माग, बाळ," परी म्हणाली, "पण जिच्यासाठी मागशील, तिला आधी विचारून ये."

तानी चपापली. दृष्ट काढली, अंगारा लावला. आईला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. तिनेसुद्धा नाही! ती घरी धावली.

"आई, तुला काय हवंय गं?"

आई भिंतीकडेच बघत म्हणाली, "मी आळशी नाही, एवढं कुणीतरी म्हणावं. पाळी थांबल्यापासून झोप नाही, कशात मन नाही. तुझ्याकडे बघूनसुद्धा काही वाटत नाही गं. त्याचंच भ्या वाटतं."

तानीने परीकडे परत येऊन तेच मागितलं.

"माझ्या कांडीने मन बरं होत नाही," परी म्हणाली. "पण असं म्हणणारी बाई मला ठाऊक आहे." कांडी फिरली आणि पिवळ्याधमक फुलपाखरांची रांग वाट दाखवू लागली. आई चारदा वाटेत बसली, पण दवाखान्यात पोचली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही आळशी नाही, अनसूयाबाई. आजारी आहात. या वयात काही बायकांचं मन असं खचतं. यावर औषध आहे, पण धीर धरा."

आई तिथेच हमसून हमसून रडली.

औषध जादूचं नव्हतं. दोन आठवडे काहीच फरक नाही. तानी रोज गोळी द्यायची, आई दर बुधवारी बाईंशी बोलून यायची.

सहाव्या आठवड्यात जेवताना आईचा घास हातातच थांबला.

दारात परी उभी होती. तिच्या पंखांतून केशरी उजेड सांडला आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली. आईने तिकडे पाहिलंही नाही. ती लेकीकडे बघत होती.

"तानी, केवढी वाळलीस गं! ये इकडं, आधी तू जेव."