उंबरठ्यावरची पाठ

कुमुदवती नगरीत अभिसेन नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तेथील कथेकऱ्यांच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव पिंगल.

या कुळाचे काम सणासमारंभाचे नव्हते. घरात कोणी अंथरुणाला खिळले आणि वैद्याने मान हलवली, की कथेकऱ्याला बोलावणे येई. तो रुग्णाच्या उशाशी बसून कथा सांगे, पण ती पुरी करीत नसे. मृत्यू दाराशी येतो तेव्हा आतली कथा त्याच्याही कानी पडते आणि शेवट ऐकल्यावाचून तो उंबरठा ओलांडत नाही, असे त्या नगरीतले लोक मानीत. म्हणून रुग्णाचे सर्वांत जवळचे माणूस उंबरठ्यावर बाहेर तोंड करून बसे. त्याने मागे वळून पाहायचे नसे. पाहिले, तर वाट मोकळी झाली असे समजत. रुग्ण बरा झाला तर कथेचा शेवट अंगणात सर्वांना सांगत आणि गूळ वाटत. तो गेला, तर कथेकरी प्रेताच्या कानाशी वाकून शेवट सांगे आणि मोठ्याने म्हणे, "कथा सरली." ते शब्द ऐकले की उंबरठ्यावरचे माणूस उठे आणि वळून आत येई.

पिंगलाने आपल्या आयुष्यात गूळ थोडाच खाल्ला होता. प्रेतांच्या कानात मात्र तो पुष्कळ बोलला होता.

राजाची एकुलती एक मुलगी शिरीषा ऐन तारुण्यात आजारी पडली. तिची आई पूर्वीच गेली होती. शिरीषेच्या छातीत पाणी भरत चालले. वैद्यांचे उपाय संपले, तेव्हा राजाने सभेतल्या विद्वानांना विचारले, "मृत्यू म्हणजे काय, ते मला सांगा."

एक म्हणाला, "महाराज, घडा फुटतो आणि घड्यातले आकाश बाहेरच्या आकाशाला मिळते. आकाशाचे त्यात काय बिघडले?"

दुसरा म्हणाला, "लाकूड जळले की राख होते. राखेला सुख नाही, दुःख नाही. मग भय कशाचे?"

तिसरा म्हणाला, "ज्याला जन्म आहे त्याला मृत्यू आहे, हे ज्याने जाणले तो रडत नाही."

राजाने तिघांचेही ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "तुमच्यापैकी कोणाच्या घरी मुलगी आजारी आहे?"

राजाने राजमुद्रा मंत्र्याच्या हाती दिली, तलवार घेतली आणि तो शिरीषेच्या दालनाच्या उंबरठ्यावर बाहेर तोंड करून बसला. पिंगलाला बोलावणे गेले.

राजा त्याला म्हणाला, "कथा चालू राहिली पाहिजे. ती चालू ठेवलीस तर नदीकाठचे गाव तुझे. ती संपली, तर तुझी जीभ तुझ्या तोंडात राहणार नाही."

"महाराज, कथेने आजवर कोणाचा ताप उतरलेला मी पाहिला नाही."

"मते ऐकून झाली माझी," राजा म्हणाला. "आत जा आणि बोलायला लाग."

पिंगल आत गेला. त्याला गाव नको होते, पण जीभ हवी होती. त्याने आपल्या कुळातली एक जुनी कथा काढली. अवर्षणात एक म्हातारी हत्तीण आपल्या कळपाला घेऊन निघते. लहानपणी पाहिलेल्या एका तळ्याची वाट तिला आठवत असते. ती पुढे चालते आणि कळप तिच्या मागे चालतो.

कथा लांबवणे पिंगलाला चांगले येत होते. वाटेत टेकड्या आल्या, कोरड्या नद्या आल्या, वणवा आला. शिरीषा डोळे मिटून ऐके. श्वास पुरला की मध्येच बोले.

"काका, काल ती टेकडी चढत होती. आजही चढतेच आहे. एवढी मोठी टेकडी आहे तरी कुठे?"

"म्हातारी आहे ती, बाळ. सावकाश चढते."

"आणि तिच्या पायात जेवढे काटे रुतले तेवढे अख्ख्या अरण्यात नसतील. काटे विकायला काढले तर एक गाडा भरेल."

दासीला हसू आले. पिंगलही हसला. उंबरठ्यावर राजाचे खांदे किंचित हलले, पण त्याने मान वळवली नाही.

दिवस जात राहिले. शिरीषेला आडवे होता येईना. तिला लोडाला टेकवून बसवावे लागे आणि समोरच उंबरठा असे. ती हाक मारी, "बाबा, इकडे बघा ना."

"नको गं, पोरी. मी वळलो तर तो आत येईल."

"पाणी द्यायला तरी या."

"दासी देईल. मी इथे आहे ना. तू कथा ऐक."

एका दुपारी तिला धाप लागली ती थांबेना. ओठ निळे पडले. पिंगल नेहमीप्रमाणे कथा पुढे नेऊ लागला, तेव्हा तिने बोटाने त्याला जवळ बोलावले. तो वाकला.

ती हळू आवाजात म्हणाली, "काका, बाबांच्या मानेवर एक तीळ आहे. मला कधी ठाऊकच नव्हता. आता मी त्याच्याशीच बोलते."

पिंगलाने तिच्या पाठीमागचा लोड सारखा केला.

"कथा संपवा."

"बाळ, ते माझ्या हातात नाही."

"कथा सरली म्हणालात की बाबांना वळावं लागेल. तसा नेम आहे ना?"

"आहे."

"मग संपवा. मी जाणार, हे मला कळतं. तुम्हालाही कळतं. तुम्ही काही काटे मोजायला बसला नाहीत इथे." तिला पुन्हा धाप लागली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "नंतर कानात सांगाल ते मला कुठलं ऐकू यायला? आणि बाबा नंतर आत येतील. तेव्हा मी कुठे असणार?"

पिंगलाने तिच्याकडे पाहिले, मग उंबरठ्यावरच्या पाठीकडे पाहिले. आपण ज्या ज्या घरात बसलो, त्या प्रत्येक घरात अशीच एक पाठ होती, हे त्याच्या ध्यानात आले. अंथरुणातल्या माणसाने शेवटी तीच पाहिली होती. ती तिथे बसवण्यात आपलाही हात होता, हे त्याला कळले. आपल्या जिभेचा विचार त्याच्या मनात आला, आणि भीतीही वाटली. तरी तो सरळ बसला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला.

"मग हत्तीण टेकडी उतरली. खाली सपाट माळ लागला. माळापलीकडे तळे होते."

राजा बाहेर पाहतच म्हणाला, "पिंगला, सावकाश. तळे अजून दूर आहे ना?"

"नाही, महाराज. तळे आले."

राजाची मूठ तलवारीवर आवळली. पिंगल थांबला नाही. मात्र क्षणभर त्याला वाटले की निदान तळे भरलेले दाखवावे. तो म्हणाला, "तळ्यात निळे पाणी होते. काठावर कमळे—"

"काका," शिरीषा म्हणाली, "हे आत्ता जोडलंत."

"होय," पिंगल म्हणाला. "तळ्यात पाणी नव्हते. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. पिल्लांनी विचारले, पाणी कुठे आहे? हत्तीण म्हणाली, पाणी नाही. मला वाट आठवत होती, पण तळे राहिले नाही. मग ती भेगांवर आडवी झाली. पिल्ले तिला चिकटून पडली. कोणी कोणाकडे पाठ केली नाही. त्या कळपातले कोणी परत आले नाही. कथा सरली."

राजा उठला आणि वळला.

शिरीषेने इतक्या दिवसांनी त्याचा चेहरा पाहिला. तिने अंथरुणावरून हात थोडा उचलला. राजा झपाट्याने आत आला, पण तो तिच्याकडे गेला नाही. त्याने पिंगलाचे केस धरून त्याला खाली पाडले.

"मारलंस तिला! माझ्या देखत मारलंस!"

"महाराज, ती अजून आहे," पिंगल म्हणाला. "तिच्याकडे बघा."

"गप्प! चांडाळा!"

"माझी जीभ पळून जात नाही, महाराज. ती नंतर घ्या. आधी तिकडे बघा. ती तुमच्याकडे बघते आहे."

राजाने लाथ मारली, मग आणखी एक मारली. दासी किंचाळली तेव्हा त्याने मान फिरवली. उचललेला हात खाली पडला होता. डोळे उघडे होते आणि ते त्याच्याकडेच लागलेले होते.

त्याच दिवशी पिंगलाची जीभ कापण्यात आली. त्याच्या कुळाने त्याला आळीतून बाहेर काढले, कारण त्याने नेम मोडला होता. नगरीतल्या लोकांना या प्रकारातून एकच गोष्ट समजली. कथा पुरी केली आणि मुलगी गेली, म्हणजे वाडवडील सांगत होते ते खरेच. रूढी आणखी घट्ट झाली. उंबरठ्यावर बसणारे लोक आता चुकूनही मान वळू नये म्हणून ती काठीला बांधून घेऊ लागले. पिंगल स्मशानाजवळ झोपडी करून राहिला आणि लाकडे वाहून पोट भरू लागला. तो गेला तेव्हा त्याच्या उशाशी कोणी नव्हते. राजा पुढे पुष्कळ वर्षे जगला. त्या दालनात त्याने पुन्हा पाऊल टाकले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारातल्या रुग्णशाळेच्या दाराशी सांगितली. आत सोमिल नावाचा तरुण भिक्षू त्या सकाळी मरण पावला होता. त्याचा गुरू भिक्षू रेवंत याने त्याला लहानाचे मोठे केले होते. शिष्याचे दुखणे वाढल्यापासून रेवंत दाराबाहेर उभा राहून रक्षणाची सूत्रे म्हणत होता. आतून सोमिलाने अनेकदा हाक मारली, पण पाठात खंड पडेल म्हणून तो आत गेला नाही. सोमिल गेल्यावरही त्याचा पाठ चालूच होता. शास्त्यांनी त्याला थांबवले आणि जवळ बसवून हे सर्व सांगितले.

मग ते म्हणाले, "रेवंता, त्या जन्मीची शिरीषा म्हणजे हा सोमिल. त्या वेळची दासी म्हणजे याला शेवटपर्यंत पाणी पाजणारा परिचारक. राजा अभिसेन तू होतास. आणि जीभ गेलेला तो कथेकरी मीच होतो."

रेवंताने विचारले, "भगवन्, त्या कथेकऱ्याने मिळवले काय?"

"काही नाही," शास्ते म्हणाले. "मुलगी वाचली नाही. बापाने तिच्याकडे वेळेवर पाहिलेही नाही. मरणाऱ्याने खरे मागितले आणि त्याला खरे दिले, एवढेच झाले. याला सत्य-पारमिता, सत्याची परिपूर्णता, म्हणतात."