खऱ्याच्या गालिच्याला कसर लागली

एका राज्यात एक गालिचा होता. त्यावर उभं राहून खोटं बोलता येत नसे. ऊर्णनाभ नावाच्या मायावी विणकराने तो मेंढीच्या लोकरीचा विणला होता, आणि राजाने न्याय करावा तो त्याच गालिच्यावर, अशी तिथली रीत होती. साक्षीदार त्यावर उभा राही आणि खोटा शब्द त्याच्या घशातच अडकून बसे.

एका वर्षी त्या गालिच्याला कसर लागली. आज इथे टक्कल, उद्या तिथे भोक. भोकावर पाय ठेवून बोललं की खोटंही सुरळीत बाहेर पडू लागलं. हे कुणाच्या ध्यानी येण्याआधीच कोठारी रुद्रसेन तशा एका भोकावर उभा राहिला आणि मुकुटातलं माणिक माहूत कान्हडाने चोरलं असं सांगून मोकळा झाला. राजा सुधन्वाने कान्हडाला हद्दपार केलं. दसरा होताच त्याने वाळवंटापलीकडे निघून जावं असं ठरलं.

राजाची धाकटी बहीण शर्वाणी. तिला हत्तीवर बसायला कान्हडानेच शिकवलं होतं. तो चोरी करील हे तिला पटेना. तिने गालिचा निरखला, भोकं पाहिली आणि भावाला दाखवली. राजा म्हणाला, हा त्या विणकराचाच शाप, त्याला बांधून आणा. शर्वाणीने आधी आपण जाऊन विचारण्याची परवानगी मागितली आणि घोड्यावर बसून डोंगर चढली.

ऊर्णनाभ मागावर बसला होता. त्याचे धागे आपोआप विणले जात होते.

"शाप माझाच आहे," तो शांतपणे म्हणाला. "ज्या घरात या गालिच्याखाली कुणी पाहणार नाही, तिथे तो विरत जाईल. जादूने तो शाप सुटत नाही, राजकन्ये. तीन कामं कर. खाणाऱ्याला पकडून आण. त्याचं माहेर शोध. मग त्याला घराबाहेर काढ आणि त्याची वाट बंद कर."

पहिलं काम शर्वाणीला सोपं वाटलं. दरबाराच्या खिडकीशी उजेडाकडे धावणारे बारीक, गोल, काळ्या-पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांचे किडे तिने अनेकदा पाहिले होते. त्यातला एक डबीत घालून तिने डोंगरावर नेला. ऊर्णनाभाने एका बाजूला लोकर ठेवली, दुसऱ्या बाजूला शेवंतीचं फूल. किडा चालत फुलाकडे गेला आणि पराग खाऊ लागला.

"हा खाणारा नव्हे," विणकर म्हणाला. "खाणाऱ्याचा बाप आहे. तो खिडकीशी येतो, कारण त्याला बाहेर फुलांवर जायचं असतं. त्याची पोरं मात्र अंधारात राहतात. जिथे झाडू पोचत नाही तिथे बघ."

दरबारात झाडू पोचत नाही अशी जागा एकच होती, ती म्हणजे सिंहासनाखालची. आजोबांच्या राज्याभिषेकापासून ते हललं नव्हतं, हलवणं अशुभ मानत. शर्वाणीने भावाला विनवलं. राजा सिंहासनावरून खाली उतरला. मग त्याने स्वतःच एका बाजूला खांदा लावला.

सिंहासन सरकलं. खाली गालिच्याचे नुसते सुती ताणे, म्हणजे उभे धागे, उरले होते. त्यांत तांदळाच्या दाण्याएवढ्या तपकिरी, केसाळ, पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या वळवळत होत्या, आणि भोवती त्यांच्या टाकलेल्या पोकळ काती विखुरल्या होत्या. राजाने पाय मागे घेतला. शर्वाणीने एक अळी डबीत घालून विणकराकडे पोचवली. पहिलं काम झालं.

दुसऱ्या कामाला ती भिंतीलगत गुडघ्यांवर बसली. काती एका फटीपर्यंत जात होत्या. फट खांबामागून वर चढत गेली होती, थेट वळचणीपर्यंत. शर्वाणी शिडी लावून वर गेली आणि तिथे थबकली. वळचणीत मंजुळा साळुंकीचं घरटं होतं.

मंजुळा माणसाच्या वाणीने बोले. आईमागे शर्वाणीला गाणी तिनेच म्हणून दाखवली होती. यंदाची पिल्लं उडून गेली होती, पण घरटं जपून ठेवलेलं होतं. त्यातली पिसं, केस आणि मेलेले किडे यांच्यावर केसाळ अळ्या गच्च भरल्या होत्या.

मंजुळा शेजारच्या तुळईवर येऊन बसली. तिने विचारलं, "काय शोधतेस?"

"गालिचा खाणाऱ्यांचं माहेर. ते तुझ्या घरट्यात आहे."

"माझी सगळी बाळं यातच वाढली," मंजुळा म्हणाली.

"ठाऊक आहे. ते राहिलं तर कान्हडाला जावं लागेल."

साळुंकीने मान वळवली. "मी इथे असताना काढू नकोस," ती म्हणाली आणि उडून गेली.

शर्वाणीने घरटं उतरवून अंगणात जाळलं. तिसरं काम असं सुरू झालं. वळचणीची भोकं आणि भिंतीची फट चुन्याने बुजवली. खिडक्यांना बारीक जाळी लावली, मेलेले किडे झाडून काढले. गालिचा कडक उन्हात टाकून दोन्ही बाजूंनी बडवला, कुंचल्याने घासला. उन्हात नेता येत नव्हत्या त्या गाद्यांवर उकळत्या पाण्याची वाफ सोडली. शाली धुऊन घट्ट झाकणाच्या पेट्यांत ठेवल्या. दासींना देवदाराच्या ढलप्यांवर फार भरवसा होता. शर्वाणीने त्यांना सांगितलं, नुसत्या वासाने कसर अडत नाही, कपडा स्वच्छ हवा आणि झाकण घट्ट हवं. राहिलेल्या अंड्यांतून थोड्या अळ्या पुन्हा निघाल्या, तेव्हा सगळं पुन्हा केलं. पुढे एकही दिसली नाही.

मग ऊर्णनाभ डोंगर उतरून आला. त्याने भोकांवर लोकर ठेवून फुंकर घातली. लोकर आपोआप विणली गेली आणि शाप सुटला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजाने रुद्रसेनाला पुन्हा गालिच्यावर उभं केलं. त्याने तोंड उघडलं, खोटं अडकलं. चेहरा लाल झाला, आणि शेवटी खरं बाहेर आलं. माणिक त्याच्याच कोठारात, धान्याच्या कणगीत होतं. कान्हडाच्या जागी वाळवंटापलीकडे रुद्रसेन गेला. राजाने भर दरबारात माहुताची क्षमा मागितली, आणि सिंहासन दर महिन्याला हलवून खालचं झाडायचं असा नवा रिवाज घालून दिला.

शर्वाणी बागेत गेली. जांभळीच्या ढोलीत मंजुळा काड्या रचत होती.

"माझा राग आलाय?"

"आलाय," साळुंकी म्हणाली. "काही दिवस राहील." तिने चोचीतली काडी नीट बसवली. "कान्हड कसा आहे?"

"हत्तींकडे गेला."

"बरं झालं. आता ती काडी दे. तुझ्या पायाशी पडली आहे."

शर्वाणीने काडी उचलून वर दिली. त्या राज्यात खऱ्याला पुन्हा जागा झाली. ऐकणाऱ्यांच्या घरीही कोपऱ्याकोपऱ्यात ऊन पोचो.