निशाणाचा रंग

“मग यात खोटं काय आहे, आबा?”

उदयनने हातातलं पुस्तक मिटलं. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक. त्या ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. ज्याला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसतात, त्यालाच ते वाचता येतात.

उदयनला एकही दिसत नव्हता. तरी त्याने सगळी पानं ओळीने बरोबर सांगितली होती... पाठ करून.

शेलारआबा पायरीवर बसून बूट घासत होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून ते गावातल्या मुलांची एनडीएसाठी, म्हणजे लष्करी अधिकारी व्हायच्या परीक्षेसाठी, तयारी करून घेत. उदयन त्यांतला सगळ्यांत तयार गडी. बारावीत होता. लेखी परीक्षा झाली, मुलाखतही पार पडली. सोमवारी डॉक्टरांची तपासणी, तेवढीच उरली होती.

“आठवीपासून पहाटे उठून पळतोय. गणितात माझा हात कोणी धरू शकत नाही. एवढ्या दोन रंगांपायी सगळं सोडू?”

आबा बूट घासत राहिले.

“डॉक्टरांनासुद्धा कळणार नाही,” उदयन हसला.

“नाही कळणार,” आबा म्हणाले. त्यांनी बूट चढवले. “चल, जरा फिरून येऊ.”

दगडखाणीच्या वळणाअलीकडे आबा थांबले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधला.

“हे काय, आबा?”

“या खाणीला भोंगा नाही. निशाण असतं. लाल असलं तर सुरुंग पेटवलाय. हिरवं असलं तर वाट मोकळी. मी बघितलेलं नाही. तू बघ आणि सांग.”

उदयन वळणावर गेला.

उंच काठीवर निशाण फडफडत होतं. त्याला ते मातकट दिसलं, वाळल्या पानासारखं. खाणीत चिटपाखरू नव्हतं. दुपार होती. माणसं जेवायला गेली असतील...

“बोल. जाऊ की थांबू?”

“...जा.”

आबा निघाले. परेडवर चालावं तसे. हात पुढे करून चाचपडले नाहीत, की पाऊल आखडतं घेतलं नाही.

दहा पावलांवर थांबतील, असं उदयनला वाटलं.

थांबले नाहीत.

वीस पावलं झाली. पंचवीस. त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्याकडे बघता बघता उदयनच्या लक्षात आलं. हा माणूस आपली परीक्षा घेत नाहीये. हा खरंच आपल्या शब्दावर चाललाय.

“थांबा! आबा, थांबा! मला दिसत नाही!”

उचललेला पाय जागच्या जागी खाली आला.

उदयन धावत गेला. आबांना दंडाला धरून त्याने जवळच्या खडकाआड ओढलं.

तेवढ्यात जमीन हादरली.

डोक्याएवढा दगड वाटेवर येऊन आदळला आणि फुटला. मग बारीक खडी पडत राहिली. मग नुसती धूळ...

बराच वेळ उदयनच्या कानांत शिट्टी वाजत होती.

“तुम्ही... तुम्ही खरंच बघितलं नव्हतं?”

आबांनी पंचा सोडला.

“बांधला होता की डोळ्यांवर.”

“मेला असतात तुम्ही! माझ्या एका शब्दापायी!”

“हो.”

उदयन मटकन खाली बसला. धूळ खाली बसली, तरी त्याला उठवेना.

“सोमवारी मी डॉक्टरांना खरं सांगणार,” शेवटी तो म्हणाला. “ते मला घरी पाठवतील.”

आबा त्याच्याशेजारी बसले.

“मी अधिकारी होणार नाही, आबा. कधीच नाही.”

आबांनी पंच्याने त्याच्या केसांतली धूळ झटकली.

“तू थांबा म्हणालास, मी थांबलो. अधिकारी आणखी काय करतो?”