ढगाचा सौदा

पूर्वी, ढग अजून माणसाळलेले होते तेव्हा, सागरकाठच्या एका नगरात मेघवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बैलबाजारातल्या दलालाच्या घरी जन्मले आणि मोठेपणी तोच धंदा करू लागले. तिथल्या बाजाराची रीत अशी, की सौदा तोंडानं करायचा नाही. उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून बोलायचं. मनातलं ओठांवर आलं की बाजू पडली, असं सगळेच मानत.

एके वर्षी पाण्यानं जडावलेला एक ढग दोन गावांमधल्या टेकडीवर टेकला आणि तिथंच झोपी गेला. खोटं वाटत असेल तर टेकडी अजून जागेवर आहे. भातवाल्यांनी एका अंगानं त्याला कासरा बांधला, मीठवाल्यांनी दुसऱ्या अंगानं, आणि दोघं ओढू लागले. ढग झोपेतच कण्हला, मधोमध विरत चालला. पाण्यावाचून भात पिवळं पडलं होतं. ढग फाटला तर पीक हातचं जाणार होतं. पण कासरा आधी सोडणार कोण?

शेवटी बोधिसत्त्वांना बोलावलं. भातवाल्यांची म्होरकी तिस्सा आणि मीठवाल्यांचा म्हातारा लोणक यांचे हात उपरण्याखाली गेले. तिनं सगळी बोटं दाबली, म्हणजे अख्खा ढग. त्यानंही सगळी दाबली.

बोधिसत्त्वांनी उपरणं उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. असं आजवर कुणी केलं नव्हतं.

"तिस्साबाई, या ढगातलं तुम्हाला काय नको?"

तिस्सा घुटमळली. "सावली. ती बसून राहिली तर दाणा भरत नाही. पाणी सांडलं की यानं निघावं. पण हलेल का मेला?"

लोणक तोंडावर हात ठेवून हसू लागला. "बाई गं, मला सावलीच हवी. मीठ ओढताना माझ्या सुनांचे पाय भाजतात. भीती आहे ती पाण्याची. एक सर आली की मीठ विरघळलं."

"मग आधी बोलला का नाहीस, म्हाताऱ्या?"

"तू बोललीस?"

लोणकानंच आधी कासरा सोडला. ढग डोळे न उघडता भातावर रिता झाला आणि शेवरीच्या कापसासारखा हलका होऊन मिठागरांवर तरंगत गेला. सुनांनी त्याच्या सावलीत गाणी म्हणत मीठ ओढलं. मग तो समुद्रावर जाऊन पोटभर पाणी प्यायला आणि परत तिस्साच्या शेताकडे वळला. पुढं त्याला कासरा लागला नाही.

एवढं सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या दोन भिक्खूंकडे पाहिलं. "तेव्हाची तिस्सा म्हणजे हा सुप्पिय, लोणक म्हणजे हा वासिट्ठ, आणि दलाल मी होतो." ढग कोण होता ते त्यांनी सांगितलं नाही, मात्र त्या वेळी विहाराच्या अंगणात थोडी सावली सरकली म्हणतात.

हातांवरचं उपरणं उचलायचं धैर्य ज्या शहाणपणातून येतं, त्याच्या पूर्णतेला प्रज्ञापारमिता म्हणतात.